सपत्नीक सत्कार

आमच्या हायस्कूलात कुणाचं तोंड जरा उतरलेलं असलं की ते माणूस आधी इकडंतिकडं बघतं आणि मग घाईघाईनं हसतं. डोकं दुखत असो, घरी सासूशी वाजलेलं असो, एसटी चुकून जीपला लोंबकळत आलेलं असो, गेटातून आत शिरताना हसायचं. कारण रेवणप्पा सरांच्या नजरेला पडलात तर ते प्रोत्साहन देतील. त्यांनी एकदा प्रोत्साहन द्यायला घेतलं की तुमचा दिवस गेला म्हणून समजा.

मी वर्षाराणी. आठवी ते दहावीला मराठी शिकवते. तोंडानं फटकळ आहे असं स्टाफरूममध्ये म्हणतात. माझ्या पाठीमागं म्हणतात, समोर म्हणायची कुणाची टाप नाही. शाळा मुखेडच्या खालच्या अंगाला, एका बऱ्यापैकी मोठ्या गावात. बहुतेक स्टाफ मुखेडहून किंवा उदगीरकडून ये-जा करतो. गावात खोली करून राहणारे दोघंच, गणिताचे रामकिशन सर आणि मी. त्यामुळं शाळेवरचा गावाचा सगळा राग-लोभ आम्हा दोघांच्या वाट्याला येतो.

रेवणप्पा सर उदगीरचे. वडिलांची मोंढ्याच्या बाजारात धान्याची आडत होती, थोरले भाऊ आजही तिथल्या गादीवर बसतात. हे धाकटे. यांना तराजूपेक्षा माईकचं वेड, म्हणून मास्तर झाले. विषय इतिहास, शिवाय गळ्यात पीटीची शिट्टी. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे आणि अंगात कडक इस्त्रीचा सफारी. माईकवर ते एक मराठी बोलतात आणि माईक बंद झाला की दुसरी. "या ज्ञानयज्ञातील समिधांना मी विनम्र वंदन करतो" असं म्हणून खाली उतरले की लगेच, "बालाजी मामा, च्या सांगितला का न्हाई वो?"

मनानं मात्र माणूस लोणी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांना बरंच बोलणार आहे. माझी आई उदगीरला दवाखान्यात होती तेव्हा सर दोन्ही वेळेला डबा घेऊन यायचे. डब्यात त्यांच्या आईच्या, रत्नम्मांच्या हातची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. डबा ठेवायचे आणि खाटेजवळ उभं राहून आईला इच्छाशक्तीवर भाषण द्यायचे. आई ठरल्यापेक्षा लवकर बरी झाली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. आई म्हणाली, मला त्या विभूतीवाल्या सरांची धास्ती बसली होती.

ही प्रोत्साहनाची खोड त्यांना आडतीवरच लागली. ते कौतुकानं सांगतात, दिवाळीच्या पाडव्याला त्यांचे वडील मुनीमजींना आणि मुनीमबाईंना जोडीनं गादीवर बसवायचे. त्यांना भरगच्च आहेर करायचे, हार घालायचे, वाजतगाजत घरी पोचवायचे. "मग काय बिशाद हाय मॅडम, मुनीम दुसऱ्या आडतीवर जाईल! जोडीनं मान घेतला की माणूस बांधला गेला." सरांचा यावर गाढ विश्वास. जगात कुणालाही काहीही कमी पडलं तरी सरांच्या मते त्याला एकच गोष्ट कमी पडलेली असते, ती म्हणजे हार.

गेल्या जूनपर्यंत हे सगळं आटोक्यात होतं. मग आमच्या संस्थेचे अध्यक्ष कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि तिथून एक विचार घेऊन आले. शिक्षक आनंदी असतील तर निकाल चांगला लागतो, असा तो विचार. त्यांनी तो एकट्यानं केला असता तर चाललं असतं. त्यांनी समिती नेमली. शिक्षक-शिक्षकेतर कर्मचारी उत्साहवर्धन समिती. प्रमुख रेवणप्पा सर, सदस्य आम्ही सगळे. म्हणजे ज्यांचा उत्साह वाढवायचा त्यांनीच हार आणायचे, सतरंज्या टाकायच्या, फोटो काढायचे, आणि शेवटी समोर बसून उत्साह वाढवून घ्यायचा.

महिन्याचा मानकरी सुरू झाला. पहिला मान शिपाई बालाजी मामांना. कल्पना चांगली होती, मी स्वतः टाळ्या वाजवल्या. पण मामांनी सकाळपासून हॉल झाडला, खुर्च्या मांडल्या, शिडीवर चढून स्वतःच्याच नावाचा बॅनर बांधला. मग त्यांना हात पुसायला लावून स्टेजवर बोलावलं, शाल घातली, श्रमप्रतिष्ठेवर भाषण झालं. सगळे चहाला गेले. मामा शाल काखेत धरून खुर्च्या उचलत राहिले. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "मॅडम, पुढच्या टायमाला मला मान देणार असले तर आदल्या दिवशी सांगा. मी रजा टाकतो."

नंतर व्हॉट्सॲपचा ग्रुप निघाला. रोज पहाटे सरांचा सुविचार, त्याखाली उगवता सूर्य. त्याला सगळ्यांनी हात जोडायचे. मी एकदा जोडले नाहीत. जोडणार कशी, फोन चार्जिंगला होता! तर हा माणूस संध्याकाळी माझ्या दारात हजर. हातात डझनभर केळी. "मॅडम, मन खचलंय का?" मी म्हटलं, "अजून नाही सर, पण तुम्ही आणखी बसलात तर खचेल." त्यावर ते मनापासून हसले आणि आणखी बसले.

आणि ते लातूरचे हास्यवाले वक्ते! सहामाहीचे पेपर तपासायचे होते, प्रत्येकाच्या टेबलावर गठ्ठे पडले होते. अशा वेळी सरांनी 'तणावमुक्त शिक्षक' ठेवलं. आम्हाला गोल उभं करून हात वर करून हसायला लावलं. आधी हळू, मग मोठ्यानं, मग पोटातून. वक्त्यांचं पोट मोठं, त्यांचं काही संपेना. मुखेडची शेवटची एसटी गेली. इंग्रजीच्या मॅडमचं तान्हं घरी रडत होतं, त्या हात वर करून हसत होत्या आणि डोळ्यातून घळाघळा पाणी. रेवणप्पा सर मला कानात म्हणाले, "बघा, कसा निचरा व्हायलाय."

आता रामकिशन सरांचं सांगते. वयानं चाळिशीच्या अलीकडचे, बोलायला अगदी कमी. खडूनं माखलेल्या बाह्या, चेहऱ्यावर नेहमी थोडी काळजी. गणित असं शिकवतात की मी सुद्धा कधी दाराबाहेर उभी राहून ऐकते, आणि मला गणिताचा जन्मापासून तिटकारा. त्यांचं एकच मागणं होतं. दहावीच्या कच्च्या पोरांसाठी सकाळी सातला जादा तास घ्यायचा आणि त्यासाठी हॉल मोकळा हवा. सकाळी सगळ्या वर्गांत प्राथमिकची शाळा भरते. हॉल सोडला तर शाळेत दुसरी जागाच नाही.

हेडसर म्हणाले, घ्या की. पण हॉल कुठं मोकळा! कधी उद्याच्या कार्यक्रमाची मांडामांड, कधी कालच्या कार्यक्रमाचा साऊंड सिस्टम. भाड्याचा माल म्हणून कुलूप, आणि किल्ली रेवणप्पा सरांबरोबर उदगीरला. मळ्यातून चालत येणारी सृष्टी, ग्यानोबा पाटलांची पोरगी, आणि तिच्यासारखी आणखी काही पोरं सातला येऊन हॉलच्या पायरीवर बसायची. कुलूप बघून रामकिशन सर तिथंच उकिडवे बसून फरशीवर गणितं सोडवून द्यायचे. मग प्राथमिकची घंटा व्हायची, चिल्लीपिल्ली पायरीवरून धावायची आणि गणित पुसून जायचं.

रामकिशन सर हे कुणाला बोलले नाहीत. मी रेवणप्पा सरांना दोनदा बोलले. दोन्ही वेळा ते कळवळले आणि म्हणाले, "अरेरे, म्हणजे रामकिशन सर नाराज हायत. त्यांच्यासाठी काहीतरी केलंच पायजे." आणि काहीतरी करायचं म्हणजे हॉल आणखी दोन दिवस अडला.

दिवाळीनंतर बातमी फुटली की लातूरच्या एका मोठ्या क्लासनं रामकिशन सरांना बोलावलंय. पगार बरा, राहायला घर, आणि मुख्य म्हणजे शिकवायला बंद दाराची खोली. स्टाफरूम हबकली. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली, दुसरा गणिताचा माणूस कुठून आणायचा? पोरं तर रडकुंडीला आली. सगळ्यात जास्त हलले रेवणप्पा सर. दोन दिवस त्यांनी सुविचारसुद्धा टाकला नाही. तिसऱ्या दिवशी आले ते डोळे चमकत होते.

"मॅडम, रामकिशन सरांचा सत्कार करायचा. सपत्नीक. भरगच्च आहेर. अख्खं गाव बोलवायचं. माणूस असा बांधतो की लातूरचं नाव काढणार न्हाई."

शनिवार ठरला. त्याच दिवशी सकाळी रामकिशन सर स्टाफरूममध्ये माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, मी लातूरला नाही म्हणून कळवलं. पोरांना अर्ध्यात टाकून जायला जिवावर आलं. मार्च तरी होऊ द्या. फक्त सोमवारपासून हॉल मिळंल का बघा."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी तशीच हॉलकडं पळाले. रेवणप्पा सर टेबलावर चढून कमान बांधत होते. मी सांगितलं तर हर्षानं खाली पडायचेच बाकी. "बघा! आहेर नुस्ता ठरवला तर एवढा गुण. म्हणजे आता कार्यक्रम आणखी जोरात झाला पायजे."

"सर, आता कार्यक्रमच नको. त्यांना फक्त हॉल द्या."

"देऊ की वो! आधी सत्कार, मग हॉल." आणि वर तोंड करून ओरडले, "मामा, झेंडू कमी पडला!"

आता इथं एक गोष्ट ध्यानात घ्या, जी उदगीरच्या या आडत्याच्या पोराला ठाऊक नव्हती आणि माझ्याही वेळेवर ध्यानात आली नाही. आमच्या गावात मास्तरचा सत्कार वर्षातून कितीदाही होतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण मास्तरच्या शेजारी त्याची बायको स्टेजवर बसली की त्याचा अर्थ एकच. मास्तर गाव सोडून चालला. बदली असो नाहीतर पेन्शन, जोडीनं बसवायचं ते बोळवण करतानाच. मग पुरुषांनी मास्तरला टॉवेल-टोपी करायची, बायकांनी बाईची ओटी भरायची, आणि गाडीत घालून वेशीपर्यंत पोचवायचं. पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय. त्यात लातूरची बातमी गावानं आधीच ऐकलेली. सपत्नीक सत्कार म्हटल्यावर कुणी विचारायच्याही भानगडीत पडलं नाही.

दुपारी हॉल गच्च भरला. माणसं खिडक्यांना लटकली होती. प्रत्येकाच्या हातात टॉवेल-टोपी, बायकांच्या ताटांत खण-नारळ, तांदूळ. रेवणप्पा सरांचा ऊर भरून आला. "मॅडम, किती प्रेम हाय बघा गावाचं!" मला तेव्हाच जरा शंका आली, कारण पहिल्या रांगेतल्या बायका कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या.

सरपंच उठले. "रामकिशन सर आमच्या गावात होते, हे आमचं भाग्य." मी दचकले. होते? "आता ते कुठंही जावोत, सुखी राहोत." रामकिशन सर फेट्याखालून माझ्याकडं बघायला लागले. मग ग्यानोबा पाटील उठले, धिप्पाड माणूस, बैलावर सुद्धा कधी आवाज न चढवणारा. "सर, माझी सृष्टी तुमच्यामुळं..." एवढंच बोलले, टॉवेल सरांच्या खांद्यावर टाकला आणि बसून तोंड झाकून घेतलं. बायका स्टेजवर चढल्या. रामकिशन सरांच्या बायकोची, सिंधुताईंची ओटी भरायला लागल्या. एकीचे तांदूळ पडले की दुसरी गळ्यात पडून रडायची. सिंधुताईही रडायला लागल्या, कारण सगळ्याच रडत होत्या. मग मध्येच थांबून नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आपण चाललोय का कुठं?"

"मला तरी कुणी सांगितलं न्हाई," रामकिशन सर म्हणाले.

त्यांना बोलायला उभं केलं. त्यांनी माईक धरला, घसा खाकरला. "गावकरी मंडळी, मी कुठंच..." मागून एक आजोबा हंबरडा फोडून ओरडले, "सर, बोलू नका वो! आम्हाला सहन होणार न्हाई!" त्यासरशी सगळा हॉल हुंदके द्यायला लागला. रामकिशन सर पुन्हा म्हणाले, "अहो पण मी..." तेवढ्यात रेवणप्पा सरांनी हळूच माईक काढून घेतला. त्यांच्याही डोळ्यांत पाणी. "सर गहिवरले आहेत. भावनांना शब्द अपुरे पडत आहेत. आपण त्यांच्या मौनाचा आदर करू या."

मी कपाळाला हात लावला. पुढच्या खुर्च्या ओलांडून स्टेजकडं निघाले, तोवर बाहेर हलगी वाजायला लागली. त्या दोघांना फुलांनी सजवलेल्या जीपमध्ये बसवलं. ड्रायव्हर म्हणाला, "सामान कुठाय?"

गावानं वेशीबाहेर सोडल्यावर ती दोघं अंधार पडल्यावर चालत खोलीवर परतली होती. सोमवारी रामकिशन सर शाळेला निघाले तर कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "काय सर, काही विसरलं का?" ग्रामपंचायतीपाशी दोघं म्हणाले, "काय राहिलं सर?" घरमालक तर खोलीची किल्ली मागायला आला, त्यानं नवा भाडेकरू बघितला होता. दहावीच्या वर्गात निम्मी बाकं मोकळी. सर गेले म्हणून आईबापांनी पोरं मुखेडच्या शिकवणीला धाडली होती. आलेली पोरं सरांकडं भूत बघावं तसं बघत होती. आणि दुपारी लातूरहून फोन. कुणीतरी जीपमधला फोटो तिथवर पोचवला होता. "सर, आम्हाला नाही म्हणता आणि गावाचा निरोप घेता? सांगा, कधी येताय?"

शाळा सुटल्यावर रामकिशन सर माझ्याकडं आले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी चिडलेलं बघितलं नव्हतं. तेव्हाही चिडले नव्हते. नुसते थकले होते.

"जातो मॅडम. सिंधुनं भांडी बांधायला घेतली."

"अहो, वेडे झालात का? गैरसमज झाला हो. सांगू की सगळ्यांना."

"गैरसमज कसला? मी इथं रोज होतो तेव्हा एक माणूस म्हणाला न्हाई की सर, काय हवं-नको. चाललो असं वाटल्यावर सगळं गाव रडलं. मग गेलेलंच बरं की. निदान चांगलं तरी म्हणतील."

मी उठले आणि तडक हॉलवर गेले. रेवणप्पा सर एकटेच बसले होते. त्यांना सगळं कळलं होतं. तोंड एवढंएवढं झालेलं. पण मला तेव्हा दया आली नाही, संतापच आला.

"झालं समाधान? एवढं प्रोत्साहन दिलंत की माणूस गाव सोडून निघाला!"

"मॅडम, आमच्याकडं मुनीम..."

"ते मुनीम नाहीत! त्यांना हार नको होता, शाल नको होती, त्यांना ही खोली हवी होती. रिकामी! तुम्ही त्यांना एकदा तरी विचारलंत का, तुम्हाला काय पाहिजे?"

सरांनी टेबलावरचा सुकलेला हार उचलला, पुन्हा ठेवला. मग हळूच म्हणाले, "एक स्वागत समारंभ ठेवला तर?"

देवा! मी जे काय बोलले ते इथं लिहीत नाही, मराठीच्या बाईला शोभणारं नाही. पण त्यानंतर सर जे बोलले ते मात्र शहाणपणाचं होतं. "मग आहेर परत करू. टॉवेल-टोपी परत गेली की बोळवण मोडली. मी स्वतः घरोघर येतो. चूक माझी हाय, मी सांगतो."

रामकिशन सर आधी तयार होईनात. मग म्हणाले, चला, जायचंच आहे तर लोकांचा आहेर तरी का न्यावा. आम्ही तिघं निघालो. टॉवेल-टोप्यांचं भलं मोठं गाठोडं रेवणप्पा सरांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं. कडक इस्त्रीचा सफारी पार चुरगाळून गेला.

एका घरानं आहेर परत घेतला असेल तर शपथ! पहिल्या दारात म्हातारी अंगावरच आली. "दिलेला आहेर माघारी घ्यायला आम्ही काय भिकारी हाव का?" दुसऱ्या घरी म्हणाले, अशुभ असतं, पोरीचं लग्न ठरवायचं हाय, पुढं जावा. सरपंचांनी नाराजीनं मान हलवली. "सर, मी एवढं मनापासून बोललो. आता तुम्ही राहिले तर माझ्या भाषणाचं काय?" प्रत्येक दारात रेवणप्पा सर हात जोडून सांगत होते, चूक माझी, सर कुठंच चालले नव्हते. माईक नव्हता, समिधा नव्हत्या. सांगता सांगता त्यांचं वाक्य दर घराला आखूड होत गेलं. आणि दर घराला रामकिशन सर अर्धं पाऊल मागं सरकत होते. मला दिसत होतं, हा माणूस हातचा चालला. मला मनातून रडायला येत होतं.

शेवटी मळ्यात ग्यानोबा पाटलांकडं गेलो. दिवस कलला होता. पाटील ओट्यावर बसले होते. रेवणप्पा सरांनी गाठोडं खाली ठेवलं आणि सांगितलं. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं, पण टॉवेलला हात लावला नाही.

"आमच्यात दिलेलं माघारी घेत नसतेत," ते म्हणाले. मग रामकिशन सरांकडं बघून खरोखरच बुचकळ्यात पडल्यासारखे बोलले, "सर, परवा तुमची बोळवण केली. घरातली बाई दोन दिवस धड जेवली न्हाई. अन् आज तुम्ही दारात उभे. तुम्हाला गेलेले धरावं का आलेले धरावं? आता तुम्हाला म्हणावं तरी काय?"

"या म्हणावं की, बाबा," आतून आवाज आला. सृष्टी दारात येऊन उभी होती. हातात गणिताचं पुस्तक, बोट पानात घातलेलं. "सर आले तर घरात या म्हणतेत. एवढं काय त्यात?"

रामकिशन सर, ज्यांच्या डोळ्यांत त्या सगळ्या रडारडीत पाण्याचा थेंब आला नव्हता, त्यांनी खाली वाकून गाठोड्यातला एक टॉवेल ओढला आणि तोंडावर धरला. चांगला वेळ धरला. मग तोंड पुसून म्हणाले, "पाटील, हा टॉवेल वापरला. आता परत करता येणार न्हाई."

"मी कुठं मागितला!" पाटील म्हणाले. "बसा."

सृष्टी मात्र बसली नाही. ती रेवणप्पा सरांकडं वळली. "सर, उद्या सातला हॉल उघडा असंल का?"

मला ठाऊक होतं, उद्या हॉलमध्ये नांदेडचे एक वक्ते येणार होते. 'मनोबल कसे वाढवावे.' खुर्च्या मांडून झाल्या होत्या, बॅनर लागला होता, अध्यक्ष यायचे होते. सरांनी तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, झालं, आता भाषण.

"असंल," सर म्हणाले.

तेवढाच शब्द. खिशातून हॉलची किल्ली काढली आणि सृष्टीच्या हातात दिली. मग रामकिशन सरांकडं बघून, अगदी चाचरत, पोरानं पहिल्यांदा उठून प्रश्न विचारावा तसं विचारलं, "सर, तुम्हाला आणखी काय लागंल?"

रामकिशन सरांनी विचार केला. कुणी असं विचारल्याची सवयच नव्हती, त्यांना वेळ लागला.

"खडू," ते म्हणाले. "पांढरे. जरा बरे असले तर बघा, हल्लीचे लगेच मोडतेत."